बिनशिंगी

‘डिअर विडो’ हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो विस्कॉन्सिनमध्ये, भाचीच्या स्वयंपाकघरात. “मावशी, तू नोव्हेंबरात यायला हवं होतंस, इथं जिकडे तिकडे विधवा भेटल्या असत्या,” असं ती भाजी परतता परतता सहज म्हणाली आणि मी दचकलेच. मग तिनं उलगडून सांगितलं. थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या शनिवारी त्या राज्यात बंदुकीनं हरणं मारण्याचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो. साडेपाच लाखांच्या आसपास लोक त्याचा परवाना काढतात. कारखान्यात, गॅरेजात, ऑफिसात आधीपासून रजा टाकलेल्या असतात. बाप, मुलगे, मेहुणे, जुने दोस्त असे सगळे गाड्या भरून रानातल्या आपापल्या खोपटांकडे निघतात. मागे ज्या राहतात त्या हरणापायी विधवा झालेल्या. त्यांच्यासाठी दुकानं सेल लावतात, दारूचे गुत्ते खास संध्याकाळी ठेवतात. सगळं हसतखेळत.

आपल्याकडे हा शब्द असा हसतखेळत वापरायची कोणाची छाती होणार नाही. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करा, असा ठराव कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं केला तो मे २०२२ मध्ये. म्हणजे अगदी काल परवा. तिकडे त्या शब्दातली धग विझली आहे म्हणून त्याचा विनोद होऊ शकतो, हे मला समजतं. पण विनोदात काय गृहीत धरलेलं असतं तेही पाहायला हवं. रान त्याचं आणि घर तिचं. त्याची नऊ दिवसांची गैरहजेरी हा सण, आणि तिला त्याची भरपाई म्हणून स्वेटरवर सूट! ती नऊ दिवस रानात गेली तर घरी राहिलेल्या नवऱ्याला कोणी हरीण-विधुर म्हणतं का, असं मी विचारलं. भाची हसली. म्हणाली, “ते शेजारच्या काकूंना विचार. त्या जातात.”

या शेजारच्या बाई साठीच्या पुढच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. (त्यांचं नाव देत नाही, त्यांना विचारलेलं नाही.) मी नोव्हेंबराऐवजी वसंतात गेले होते आणि वसंतात तिथं हरणांच्या शिकारीचं मोठं प्रदर्शन भरतं. बाईंनी आम्हा दोघींना गाडीत घातलं आणि नेलं.

आपलं जिल्ह्याचं कृषी प्रदर्शन डोळ्यांसमोर आणा. तसाच भलाथोरला मांडव, फक्त पक्का. तशीच पिशव्या घेऊन फिरणारी कुटुंबं, तसाच तळणाचा वास आणि लाउडस्पीकर. ट्रॅक्टरच्या जागी चारचाकी रानगाड्या आणि झाडावर चढून बसायच्या शिड्या. बियाणांची दुकानं मात्र इथंही होती! हरणं आपल्या जमिनीवर यावीत म्हणून लोक त्यांच्यासाठी क्लोव्हर, मका, सलगम असं पीक लावतात. त्यासाठी माती कशी तपासायची, चुना किती टाकायचा, यावर एक पूर्ण तासाचं व्याख्यान होतं आणि बसायला जागा नव्हती. मुलांसाठी छर्‍याच्या बंदुकीचा कोपरा, रबरी हरणांवर बाण मारायची गल्ली. त्या राज्यात २०१७ पासून जाणत्या माणसाबरोबर शिकार करायला वयाची कुठलीच अट उरलेली नाही, त्यामुळे त्या कोपऱ्यात पार चिमुरडीही होती.

भाषणांचा छापील कागद दारातच हातात देतात. वारा कुठून वाहतो आणि माणसाचा वास हरणापर्यंत कसा जातो. नोव्हेंबरात नर माजावर असताना कुठं बसावं. झाडावरून पडू नये म्हणून पट्टा कसा बांधावा (ही चेष्टा नाही, झाडावरच्या मचाणावरून पडून दरवर्षी माणसं जायबंदी होतात, मरतातही). मारलेलं हरीण घरच्या घरी कसं सोडवावं आणि त्याचे तुकडे कसे पाडावेत. जबड्यातल्या दातांची झीज पाहून त्याचं वय कसं सांगावं. हरणांना जडणाऱ्या मेंदूच्या रोगाबद्दलही एक व्याख्यान होतं. हा रोग विस्कॉन्सिनमध्ये पहिल्यांदा सापडला फेब्रुवारी २००२ मध्ये. तो माणसाला झाल्याचा पुरावा आजवर नाही, पण रोगाच्या टापूतलं मांस तपासून घ्या आणि रोगट निघालं तर खाऊ नका, असा सरकारी आरोग्यखात्याचा सल्ला आहे. या व्याख्यानाला बायका जास्त दिसल्या. कारण उघड आहे. गोठवण्याच्या कपाटात ठेवलेलं मांस मुलांच्या ताटात जाणार की नाही, हा निर्णय शेवटी कुणाच्या गळ्यात पडतो?

एक सांगते. मी तोंड वाकडं करायच्या तयारीनं गेले होते आणि ते मला पुरतं साधलं नाही. आपल्यातल्या ज्या ब्राह्मणी, शाकाहारी घरांतून आल्या त्यांना शिकार म्हटलं की एकदम शिसारी येते आणि त्या शिसारीला आपण अहिंसा म्हणतो. ते तपासून घ्यायला हवं. शिकार करणाऱ्या पारध्यांना इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याखाली जन्मजात गुन्हेगार ठरवलं. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये तो शिक्का कागदावरून पुसला, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद झाली, आणि आजही कुठं चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी पारध्यांच्या पालावर जाते. मारहाण पुरुषांना आणि झडती बायकांच्या गाठोड्यांची. तिकडे तेच काम करणाऱ्याला परवाना, पदक आणि प्रदर्शन. शिवाय त्यांच्या बंदुका आणि काडतुसांवर १९३७ च्या कायद्यानं खास कर आहे, लांब नळीच्या बंदुकीवर अकरा टक्के, आणि तो पैसा रानं आणि जनावरं राखायला राज्यांना मिळतो. जादा मांस गरिबांच्या अन्नछत्रांना देण्याची सोय २००० पासून आहे. तेव्हा ‘क्रूर लोक’ म्हणून मोकळं होता येत नाही.

मग मला खुपलं ते काय? भिंत.

प्रदर्शनाचा मुख्य थाट म्हणजे मुंडक्यांची भिंत. ओळीनं शेकडो हरणांची पेंढा भरलेली मुंडकी, काचेचे डोळे, आणि प्रत्येकाखाली एक आकडा. लोक आपापली शिंगं चादरीत गुंडाळून मोजून घ्यायला आणतात. मोजणारे शिकून तयार झालेले असतात आणि मोजमाप इंचाच्या आठव्या भागापर्यंत चालतं. दोन शिंगांमधलं अंतर, मुख्य दांड्याची लांबी, दर फाट्याची लांबी, चार ठिकाणचा घेर. डावं आणि उजवं सारखं नसेल तर फरकाचे गुण कापतात. शिंगं ओली असताना मोजत नाहीत, साठ दिवस वाळू द्यावी लागतात. थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८७ मध्ये स्थापन केलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबच्या कायमच्या वहीत नाव लागायचं तर पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या सरळ घडणीच्या शिंगांना किमान १७० गुण लागतात. धनुष्यबाणवाल्यांची वही वेगळी, तिथं १२५. हे सगळं बाई मला रस घेऊन सांगत होत्या आणि मीही रस घेऊन ऐकत होते. खोटं कशाला बोलू, त्यात एक कसब आहे.

मग मी विचारलं, “यात हरणी कुठं आहेत?”

हरणीला शिंगं नसतात. म्हणजे मोजण्यासारखं काही नसतं. म्हणजे भिंतीवर ती नसते. आणि पुढं ऐका. सरकारी परवान्यावर तिचं नाव ‘मादी’ असं नाहीच. तिथं शब्द आहे ‘अँटलरलेस’, बिनशिंगी. या एका शब्दात हरणी आली, तिचं पाडस आलं, मग ते पाडस नर असलं तरी. शिंगं हे माप धरलं की उरलेली सगळी ‘नसलेली’. मी तिथंच उभी राहून हसायला लागले. भाचीला कळेना काय झालं. आयुष्यभर सरकारी कागदांवर ‘काम करीत नाही, घरकाम करते’ असं वाचत आलेल्या बाईला हा शब्द परका कसा वाटेल?

तुम्ही म्हणाल, हा शब्दांचा खेळ झाला. तसं नाही, त्यावर मोठं राजकारण झालेलं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हरणं फार कमी झाली तेव्हा हरणी मारू नयेत असा नियम आला. त्या वेळी तो शहाणपणाचा होता. पुढं लांडगे संपले, हरणं वाढली, हिवाळ्यात उपाशी मरू लागली, रानातली कोवळी रोपं उठू देईनात. मग तज्ज्ञ सांगू लागले की कळप आटोक्यात ठेवायचा तर हरणी मारायला हव्यात, कारण कळप वाढतो तो तिच्या पोटातून. विस्कॉन्सिन विद्यापीठातले आल्डो लिओपोल्ड यांनी हे १९४० च्या दशकात सांगितलं. १९४३ च्या हंगामात तशी परवानगी दिली गेली आणि त्यावरून लोकांनी त्यांना सळो की पळो करून सोडलं. (त्यांच्या पत्नी एस्टेला स्वतः तिरंदाजीत राज्याच्या विजेत्या होत्या. हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. धनुष्यं लिओपोल्ड स्वतः बनवत, हे सांगतात.)

तोच झगडा पन्नास वर्षांनी पुन्हा झाला. १९९६ पासून राज्याच्या काही भागांत नियम आला की आधी एक बिनशिंगी मारा, मग शिंगवाला मारायचा हक्क मिळेल. लोक इतके भडकले की २०११ मध्ये विधिमंडळानं तो नियमच मोडीत काढला. हरणीबद्दल दया म्हणून? काहींची असेल. पण भांडणातला मुख्य सूर असा की आयुष्यात एकदा दिसणारा भलामोठा नर समोर आला आणि ‘आधी मादी’ म्हणून त्याला सोडावं लागलं तर? ताटातलं मांस दोघांचं सारखंच. भिंतीवर मात्र एकच चढतो. ज्या लोकांनी मला मघाशी सांगितलं की आम्ही शिकार करतो ती पोटासाठी आणि रानाच्या तोलासाठी, त्यांना मला हे विचारावंसं वाटतं.

आणखी एक दुकान पाहिलं आणि मी भाचीला चिमटा काढला. तिथं लहान लहान बाटल्यांत माजावर आलेल्या हरणीचं मूत विकायला होतं. नराला भुलवायला ते रानात शिंपडतात. शेजारी प्लास्टिकची हरणी उभी, आणि तिचा आवाज काढणारी डबी. म्हणजे प्रदर्शनात हरणी अगदीच नाही असं नाही. आमिष म्हणून आहे!

माणसांतल्या बायकांचं काय? त्यांच्यासाठी गुलाबी रंग आहे. शिकाऱ्यानं दुसऱ्या शिकाऱ्याला दिसावं म्हणून भडक नारिंगी कपडे घालायची सक्ती असते. २०१६ मध्ये विस्कॉन्सिननं कायदा केला की भडक गुलाबीही चालेल. असा कायदा करणारं ते पहिलंच राज्य. गुलाबी रंग तितकाच ठळक दिसतो असा एका वस्त्रशास्त्रज्ञाचा निर्वाळा होता, ते खरं असेल. पण आमदारांच्या बोलण्यात बायकांना शिकारीकडे ओढण्याचा मुद्दा होता आणि शिकार करणाऱ्या बायकांच्याच एका संघटनेच्या अध्यक्षांनी हे अपमानास्पद आहे असं सांगितलं. आमच्या बाईंचं मत त्याहून थोडक्यात होतं. “मला बायकांच्या पायाच्या मापाचे बूट हवे होते. त्यांनी रंग दिला.”

पण याच राज्यातली दुसरी गोष्ट फार वेगळी आहे आणि ती सविस्तर सांगितली पाहिजे. १९९० मध्ये स्टीव्हन्स पॉइंटच्या विद्यापीठात एक परिषद झाली. विषय असा की बायका शिकारीला आणि मासेमारीला का येत नाहीत, नेमकं काय आडवं येतं. परिषदेतून कारणांची यादी निघाली. शिकवणारं कोणी नाही. शिकवतो तो बाप किंवा नवरा, आणि तो ओरडतो. सामान मापाचं मिळत नाही. मुलं कोणाकडे ठेवायची. एकटीनं रानात जायची भीती. त्यावरून तिथल्या प्राध्यापक ख्रिस्टीन थॉमस यांनी १९९१ मध्ये बायकांसाठी शनिवार-रविवारचं शिबीर घेतलं. पहिल्याच शिबिराला शंभरावर बायका आल्या. पुढं तेच शिबीर इतर राज्यांत आणि कॅनडात पसरलं. त्यात बंदूक आहे, पण होकायंत्र वाचणं आहे, होडी वल्हवणं आहे, चूल पेटवणंही आहे. आमच्या बाई तिथंच शिकल्या, चाळिशी उलटल्यावर. “नवऱ्यानं मला तीन वेळा शिकवायचा प्रयत्न केला,” त्या म्हणाल्या, “तिन्ही वेळा मी रडत घरी आले. तिथं मी प्रश्न विचारला तर कोणी सुस्कारा टाकला नाही.”

मैत्रिणींनो, सायकल शिकताना, स्कूटर शिकताना, बँकेचा फॉर्म भरताना हा सुस्कारा आपण सगळ्यांनी ऐकलेला आहे. तेव्हा बाईनं बंदूक हातात घ्यावी की नाही या वादात मला इथं शिरायचं नाही. बाईला रान ओळखता यावं, वारा कळावा, एकटीनं पहाटे झाडावर बसता यावं, ही मला मोठी गोष्ट वाटते. २०१६ च्या सरकारी पाहणीत त्या देशातल्या शिकाऱ्यांमध्ये बायका दहातली एक एवढ्याच होत्या. उरलेल्या नवांनी रानाशी आपलं नातं बाप-लेकाचं म्हणून सांगायचं आणि दहावीनं गुलाबी घालायचं, असं किती दिवस चालणार?

आता मूळ मुद्द्यावर येते. तो म्हणजे भाषणांचा तो छापील कागद. मी तो दोनदा वाचला. बंदूक कशी साफ करावी, दुर्बीण कशी बसवावी, कुलूप लावून कशी ठेवावी म्हणजे मुलाच्या हाती लागणार नाही, हे त्यात होतं. दुसऱ्या शिकाऱ्याला गोळी लागू नये याचंही होतं. घरातल्या बाईला लागू नये याबद्दल एक अक्षर नव्हतं.

हे मी हवेत बोलत नाही. अमेरिकेतल्या अकरा शहरांतल्या प्रकरणांचा अभ्यास जॅकलिन कॅम्पबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केला. बाईला मारहाण होणाऱ्या घरात त्या पुरुषाच्या हाताशी बंदूक असली तर तिचा खून होण्याचा धोका पाचपट होतो, असं त्यात दिसलं. कायदा आहे. घरातल्या मारहाणीच्या किरकोळ गणल्या जाणाऱ्या गुन्ह्यातही दोषी ठरलेल्यानं बंदूक बाळगायची नाही, असं १९९६ मध्ये ठरलं. कोर्टानं बाईला संरक्षणाचा हुकूम दिला असेल तोवर त्या पुरुषाला बंदूक बाळगता येणार नाही, या तरतुदीला आव्हान मिळालं आणि जून २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ती आठ विरुद्ध एक मतांनी कायम केली. म्हणजे प्रश्न आहे हे कायद्याला, कोर्टाला, डॉक्टरांना माहीत आहे. फक्त जिथं हजारो बंदूकवाले बायकामुलांसह एका छपराखाली जमतात तिथं तो नसतो.

बाईंना हे बोलून दाखवलं तर त्यांचा चेहरा जरा बदलला. “शिकारी माणसं तसली नसतात,” त्या म्हणाल्या. मी काही बोलले नाही. ऐंशीच्या दशकात आम्ही जळालेल्या मुलींच्या सासरी जायचो तेव्हा शेजारीपाजारी हेच वाक्य सांगायचे. माणसं तसली नाहीत हो, स्टोव्हचा भडका उडाला. स्टोव्ह ही स्वयंपाकाची वस्तू होती, तशी बंदूक ही शिकारीची वस्तू आहे, मला मान्य. सगळे स्टोव्ह सुनांवर भडकत नव्हते, तेही मान्य. पण भडकायचे ते सुनांवरच, सासूवर किंवा नवऱ्यावर नाही, हे आधी बायकांनी मोजलं, मोर्चे काढले, आणि मग पंचनाम्यात ‘अपघात’ लिहिताना पोलिसांचा हात थोडा अडखळायला लागला. मोजल्याशिवाय काही होत नाही. आणि इंचाचा आठवा भाग मोजणाऱ्या लोकांना मोजायचं कसं हे का मी शिकवायचं?

हे मी त्या वेळी एवढं नीट बोलले नाही, तुटक तुटक बोलले, भाचीनं इंग्रजीत सावरून घेतलं. आम्ही कॉफी घेऊन बाकावर बसलो. बाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या की त्यांच्या शाळेत एक मुलगी होती, चौथीतली. हंगामाच्या आधी तिचा बाप बंदूक पुसायला स्वयंपाकघरातल्या टेबलावर काढून ठेवायचा आणि ती हंगाम संपेतो तिथंच असायची. काही केलं नाही त्यानं कधी. नुसती असायची. त्या महिनाभरात आई जेवायला वाढताना एक शब्द बोलत नाही, असं मुलीनं निबंधात लिहिलं होतं. “मी स्पेलिंग दुरुस्त केलं,” बाई म्हणाल्या, “आणि वही परत दिली.”

त्यांच्या स्वतःच्या घरी बंदुकीच्या कपाटाच्या दोन किल्ल्या आहेत, एक त्यांची आणि एक नवऱ्याची, हे मी नंतर विचारून घेतलं.

निघताना दारात एक पत्रिका भरायला देतात. प्रदर्शन कसं वाटलं, किती पैसे खर्च केलेत, पुढच्या वर्षी कोणतं व्याख्यान ऐकायला आवडेल. भाचीनं पेन काढलं. मी सांगितलं, लिही, ‘घरातली बंदूक: किल्ली कोणाकडे?’ तिनं ते इंग्रजीत लिहिलं. बाईंनी कागद तिच्या हातातून घेतला, वाचला आणि खाली शाळेतल्या गोल अक्षरात एक ओळ वाढवली, की हे व्याख्यान शनिवारी दुपारी मोठ्या दालनात ठेवावं, रविवारी सकाळी ठेवू नये, रविवारी कोणी येत नाही.